दहा दिवसांच्या गोळ्या

राजलक्ष्मी मोहिते हे नाव राजाजीनगरच्या त्या गल्लीत फक्त पोस्टमनला आणि बँकेला माहीत आहे. बाकी सगळ्यांच्या त्या राजक्का. वय एकाहत्तर, अंगानं किरकोळ, चालताना डावा पाय जरा जपून टाकतात. मोहित्यांचं घराणं बेंगळुरात कधी आलं असं कुणी विचारलं, तर त्या हातानं मागं लांब कुठंतरी दाखवतात. शहाजीराजांच्या वेळेला आलो, असं त्यांचे सासरे सांगायचे. त्याआधीचं कुणाला ठाऊक नाही आणि त्यानंतर परत कुणी गेलं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि मराठीतही ‘थोडं’साठी ‘स्वल्प’ नि ‘बरं’साठी ‘सरी’ असे कन्नड शब्द इतके मुरलेले की त्यांची स्वतःची मुलगीच त्यांना हसते.

एकतीस वर्षं त्या पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टेलिफोन बोर्डावर होत्या. बाहेरून आलेला फोन घ्यायचा, तो कुणाकडे जोडायचा ते ठरवायचं, साहेब जागेवर नसले तर पलीकडच्या माणसाला चिडू न देता धरून ठेवायचं, असं ते काम. कन्नड, मराठी, तमिळ, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी. कारखाना बंद पडला तेव्हा त्या पंचावन्नच्या होत्या. पुढं बीपी निघालं, मग शुगर. नवरा आठ वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून औषधांसाठी त्या घरापासून दहा मिनिटांवरच्या सरकारी आरोग्य केंद्रात जातात.

केंद्र तसं चांगलं होतं. डॉक्टर चंदना तिशीच्या, हुशार, मन लावून तपासणाऱ्या. गोळ्या फुकट मिळत. फक्त दहा दिवसांच्या मिळत. दहा दिवसांनी पुन्हा यायचं, पुन्हा टोकन, पुन्हा बीपी, पुन्हा औषधाच्या खिडकीशी रांग. केंद्र नऊला उघडायचं, पण सातपासून माणसं फाटकाशी उभी असत, कारण आत खुर्च्या आठ आणि माणसं शंभराच्या वर. महिन्यातून तीनदा. राजक्कांना त्याची सवय झाली होती. रांगेत ओळखी होत्या, गप्पा होत्या. वाईट वाटावं असं त्यांना त्यात काही दिसलं नव्हतं.

मागच्या गल्लीतले देवाप्पा रेशमाच्या मागावर काम करून थकलेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे. दोन्ही गुडघे गेलेले. जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून वस्तरा पडला. बायको गौरम्मा धावत आली तोवर उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. मोठ्या दवाखान्यात नऊ दिवस ठेवलं. जीव वाचला.

देवाप्पा घरी आल्यावर राजक्का भेटायला गेल्या, तेव्हा गौरम्मानं पत्र्याचा एक डबा आणून पुढ्यात ठेवला. त्यात बीपीच्या चार गोळ्या होत्या. रोज घेतल्या असत्या तर वस्तरा पडला त्या दिवशी डब्यात एकही उरायला नको होती.

“एक दिवसाआड घ्यायचे,” गौरम्मा म्हणाली. “मला कळू दिलं नाही. रांगेत उभं राहवत नव्हतं, म्हणून दहा दिवसांच्या गोळ्या वीस दिवस पुरवायचे.”

देवाप्पा खाटेवर पडून ऐकत होते. त्यांनी मान फिरवली नाही, डोळे मिटले नाहीत. राजक्का थोडा वेळ बसल्या, कॉफी घेतली आणि घरी आल्या.

पुढच्या पाळीला त्यांनी औषधाच्या खिडकीशी शिवकुमारला विचारलं. शिवकुमार तिथला फार्मासिस्ट, सरळ माणूस.

“दहाच दिवसांच्या का देता रे?”

“नियम आहे, अक्का.”

“कुणी केला?”

“वरून आलाय.”

“वर म्हणजे कुठं?”

शिवकुमारनं नकळत छताकडं पाहिलं. मागचे लोक ओरडायला लागले, म्हणून राजक्का बाजूला झाल्या आणि सगळे पेशंट संपेपर्यंत बाकावर बसून राहिल्या. दीड वाजता डॉक्टर चंदना मोकळ्या झाल्या.

“अज्जी, मलाही तीस दिवसांच्या द्यायच्या आहेत,” त्या म्हणाल्या. “बीपी ज्यांचं स्थिर आहे त्यांना दहा दिवसांनी बोलवून मी तरी काय नवं बघणार? मी दोनदा वर लिहिलं. उत्तर आलं नाही.”

“अज्जी नको म्हणू, अक्का म्हण. आणि वर म्हणजे कुठं ते मला कागदावर लिहून दे.”

डॉक्टरांनी त्या भागाच्या आरोग्य कचेरीचा पत्ता लिहून दिला.

मुलगी देवश्री एचएसआर लेआउटमध्ये राहते, एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिला हे सांगितल्यावर ती वैतागली. “आई, मी ॲपवर ऑर्डर करते ना. दर महिन्याला घरी येतील. दोन मिनिटांचं काम. तू कशाला लाइनीत जातेस?”

“माझं दोन मिनिटांत होईल गं. गौरम्माचं कोण करणार?”

“गौरम्मांच्याही मागवते.”

“सरी. आणि तिच्या मागं उभी असते तिचं?”

 देवश्रीला मीटिंग होती.

गल्लीच्या टोकाच्या बागेत सकाळी म्हाताऱ्यांचं मंडळ जमतं. त्याचे सेक्रेटरी दामोदर सहस्रबुद्धे. पुण्याचे. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले, निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. चव्वेचाळीस वर्षं बेंगळुरात काढून त्यांचं कन्नड ‘बेकु’ आणि ‘बेडा’, म्हणजे हवं आणि नको, यांच्या पुढं गेलेलं नव्हतं. त्यांची स्वतःची औषधं कारखान्याच्या योजनेतून येत, रांगेशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण देवाप्पांची हकिगत ऐकल्यावर ते तावातावानं उठले.

“मोहितेबाई, हा सरळ हायकोर्टाचा मामला आहे. मी आजच ड्राफ्ट करतो.”

“सर, आधी विचारून तरी बघू या.”

“विचारून काय होणार? हे लोक विचारून सांगतात होय?”

तरी विचारायला दोघं कचेरीत गेले. तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा अर्ज कन्नडमध्ये हवा होता. सहस्रबुद्ध्यांनी सुंदर इंग्रजीत लिहिला होता. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, शिक्का मारला आणि खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “पुन्हा पुन्हा येऊ नका. फोन करून विचारा.”

सहस्रबुद्धे बाहेर येऊन संतापले. राजक्कांनी मात्र रिक्षा बोलावली. घर आल्यावर म्हणाल्या, “त्यांनीच सांगितलंय की फोन करा म्हणून.”

त्या गुरुवारी दुपारी राजक्कांच्या पुढच्या खोलीत अकरा म्हातारी माणसं जमली. बहुतेक रांगेतल्या ओळखीची, दोघंतिघं बागेतली. राजक्कांनी मांडलेली गोष्ट साधी होती. रोज सकाळी बरोबर अकराला कचेरीत एक फोन जायचा. रोज वेगळ्या माणसाचा. एका दिवशी एकच. आधी नाव, मग वय, मग कुठलं केंद्र, आणि मग एकच प्रश्न: दहा दिवसांचा नियम कुठल्या कागदावर लिहिलाय? उत्तर मिळालं तरी आभार मानायचे, नाही मिळालं तरी मानायचे. आवाज चढवायचा नाही. आपलं दुखणं सांगायचं नाही.

मग सराव झाला. राजक्का कचेरीतल्या बाई झाल्या आणि एकेकानं फोन कानाला लावला. रंगम्मा नावाच्या एक बाई नाव सांगता सांगता मुलाच्या घटस्फोटावर पोचल्या. राजक्कांनी त्यांना चारदा परत सुरुवातीपासून म्हणायला लावलं. एक निवृत्त मास्तर प्रश्नाआधी प्रस्तावना करत होते. ती काढून टाकली. सहस्रबुद्ध्यांची पाळी आली. तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज घरमालकासारखा झाला.

“सर, तुम्ही फोन करायचा नाही,” राजक्का म्हणाल्या.

“का?”

“तुम्ही लिहायचं.”

त्यांना लागलं, पण त्यांनी ऐकलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी पहिला फोन गेला. कचेरीतल्या बाईंनी ‘फाइल बघून सांगते’ म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरानं बाई अकराच्या ठोक्याला फोन उचलून ‘हं, आज कोण?’ असं विचारायला लागल्या. एकदोनदा फोन आदळला गेला. एकदा साहेबांनीच उचलला आणि हा त्रास थांबला नाही तर पोलिसांत देईन म्हणाले. त्या दिवशी पाळी रंगम्मांची होती. त्यांनी ऐकून घेतलं, आभार मानले, फोन ठेवला आणि मग राजक्कांच्या घरी येऊन रडल्या. त्यांना दोन दिवस सुट्टी देण्यात आली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राजक्कांची स्वतःची पाळी होती. नाव, वय, केंद्र सांगून झालं, आणि प्रश्न विचारायच्या आत पलीकडचा आवाज बारीक झाला. “अक्का, माझं नाव अक्षरा. मी सांगितलं म्हणू नका. माझी आई पण अशाच रांगेत उभी राहते, दुसऱ्या केंद्रात. तो कागद करोनाच्या वेळच्या फायलीत आहे. माहितीच्या अधिकारात मागा. वर्ष दोन हजार वीस लिहा. नाहीतर सापडत नाही म्हणून कळवतील.”

“सरी, अम्मा,” राजक्का म्हणाल्या, आणि नियमाप्रमाणे आभार मानले.

अर्ज सहस्रबुद्ध्यांनी लिहिला, मास्तरांनी कन्नडमध्ये केला. उत्तर सदतिसाव्या दिवशी आलं. सोबत एका परिपत्रकाची प्रत होती, चार ओळींची. औषधांचा पुरवठा खंडित झाल्यामुळे पुढील आदेश होईपर्यंत दीर्घकालीन रुग्णांना एका वेळी दहा दिवसांचीच औषधं द्यावीत. पुढील आदेश झालाच नव्हता. पुरवठा केव्हाच सुरळीत झाला होता, आणि ती ‘पुढील आदेशापर्यंत’ची व्यवस्था पाच वर्षं तशीच चालली होती.

सहस्रबुद्धे तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिले. “म्हणजे ज्या दिवसांत घराबाहेर पडायला बंदी होती, त्याच दिवसांत यांनी म्हाताऱ्यांना महिन्यातून तीनदा बाहेर काढलं,” ते म्हणाले. कधी नव्हे ते हळू आवाजात.

आता काम सोपं होतं असं सगळ्यांना वाटलं. कागद घेऊन ते कचेरीत गेले. साहेबांनी तो वाचला. शिवकुमारपेक्षा, डॉक्टर चंदनापेक्षा वरचे असे हे साहेब. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, दमलेले. ते म्हणाले की हे परिपत्रक ज्या पदावरच्या अधिकाऱ्यानं काढलं, ते पदच आता उरलेलं नाही, दुसऱ्यात मिसळलं आहे. ज्यानं काढलं त्यानंच रद्द करायला हवं. त्यांना ते करता येत नाही. हे ते खोटं सांगत नव्हते; त्यांना खरंच तसं वाटत होतं.

जूनच्या शेवटी वॉर्डाची तक्रार सभा होती. आमदार येणार होते, टीव्हीवालेही येण्याची शक्यता होती. मंडळात सहस्रबुद्ध्यांनी विचार मांडला. “देवाप्पांना व्हीलचेअरवर न्यायचं. अगदी पुढं बसवायचं. एक शब्द बोलायला नको. कॅमेऱ्यानं ते टिपलं की आठ दिवसांत आदेश निघेल. खात्रीनं सांगतो.”

बऱ्याच जणांना ते पटलं. राजक्कांनाही ते चुकीचं वाटलं नाही. आदेश निघाला असता, हे त्यांनाही दिसत होतं. त्या म्हणाल्या, “त्यांना विचारते.”

संध्याकाळी त्या देवाप्पांकडे गेल्या. खाटेजवळ खुर्ची ओढून त्यांनी सगळं नीट सांगितलं, फायद्याचं काय ते सांगितलं. “येणार का, अण्णा?”

देवाप्पांनी डावा हात उचलला, चेहऱ्यावर आडवा धरला, आणि तोंड भिंतीकडं केलं. गौरम्मा म्हणाली, “मी समजावते त्यांना.”

“नको,” राजक्का म्हणाल्या. “समजलं मला.”

मंडळात त्यांनी एवढंच सांगितलं की देवाप्पा येणार नाहीत आणि त्यांचं नावही घ्यायचं नाही. सहस्रबुद्धे बरेच वाद घालत राहिले. शेवटी म्हणाले, “एका माणसाच्या संकोचापायी शेकडो लोक रांगेत उभे राहणार आहेत, एवढं लक्षात ठेवा.”

“ठेवलंय की,” राजक्का म्हणाल्या. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं त्यांनी पुढं एकदा मुलीला सांगितलं. सहस्रबुद्ध्यांचं म्हणणं खरं असू शकतं, हेच त्यांना छळत होतं.

सभेला टीव्हीवाले आलेच नाहीत. आमदार वीस मिनिटं थांबून गेले. गटारं, कुत्री, पथदिवे, मग पुन्हा गटारं. राजक्कांच्या मंडळाचे चौदाजण तिसऱ्या ओळीत बसून होते. साडेबाराला त्यांचा नंबर लागला, तेव्हा माइक बंद पडला होता. राजक्का उभ्या राहिल्या आणि माइकशिवाय बोलल्या. आवाज मोठा नव्हता, पण प्रत्येक शब्द वेगळा येत होता. मागची कुजबुज थांबली.

नाव सांगितलं, वय, केंद्र. परिपत्रकाच्या चार ओळी वाचून दाखवल्या. मंचावर बसलेल्या जाड चष्म्याच्या साहेबांनी पदाची अडचण पुन्हा सांगितली. राजक्कांनी ती पुरती ऐकून घेतली.

“सरी, सर. एक विचारू का? तुम्हाला बीपी आहे?”

सभेत थोडं हसू झालं. साहेब गडबडले. “आहे. का?”

“तुम्ही गोळ्या आणता तेव्हा एका वेळी किती दिवसांच्या आणता?”

साहेबांना खोटं सांगता आलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “नव्वद,” ते म्हणाले.

“आम्ही तीस मागतोय,” राजक्का म्हणाल्या, आभार मानले आणि खाली बसल्या.

 साहेबांनी शेजारच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पुढचा नंबर पुकारला गेला. पुढचा नंबर पुन्हा गटाराचाच होता.

आदेश साडेतीन आठवड्यांनी निघाला. बीपी किंवा शुगर स्थिर असलेल्या रुग्णांना तीस दिवसांची औषधं द्यावीत, वॉर्डातल्या सहाही केंद्रांत. कुणाच्या अधिकारात तो निघाला, हे कागदावरून नीट कळत नव्हतं. सहस्रबुद्ध्यांना ते खटकलं आणि त्यांनी तेही विचारायचं ठरवलं, पण सगळ्यांनी मिळून त्यांना थांबवलं.

पहिल्या महिन्याला घोळ झाला. सगळ्यांनी एकदम तीस-तीस दिवसांच्या नेल्या आणि एकोणीस तारखेला साठा संपला. जे मागं राहिले ते हात हलवत परतले. त्यातल्या एका बाईनं राजक्कांना रस्त्यात गाठून तोंडावर सांगितलं, “तुमच्या पुढारपणानं दहा मिळत होत्या त्याही गेल्या.”  त्यानंतर दोन आठवडे राजक्का आणि शिवकुमार दुपारी केंद्रात बसून कुणाला कुठल्या तारखेला बोलवायचं ते लावत होते, म्हणजे गर्दी महिनाभर विभागली जाईल आणि पुढची मागणी वेळेवर जाईल. डॉक्टर चंदनांनी साठ्याचं पत्र तीनदा लिहिलं. तिसऱ्या महिन्यात गाडी रुळावर आली. फाटकाशी सकाळी पंचवीस-तीस माणसं असतात आता. इन्सुलिन अजून वेळेवर येत नाही. थायरॉइडच्या गोळ्या बाहेरूनच घ्याव्या लागतात.

आदेश आला त्या दिवशी राजक्कांनी तो देवाप्पांना वाचून दाखवला होता. कन्नड सरकारी भाषेतलं लांबलचक वाक्य होतं. वाक्य संपायच्या आत देवाप्पांना झोप लागली. त्यांची वाचा परत आलेली नाही. डावा हात धरून गौरम्मा त्यांना संध्याकाळी दारापर्यंत आणते, आणि ते रस्त्याकडं बघत बसतात.

ऑक्टोबरमध्ये आनेकलच्या बाजूच्या एका गावातून चौघी बायका राजक्कांचं घर शोधत आल्या. त्यांच्याकडे गोळ्या सातच दिवसांच्या मिळत. राजक्का आणि सहस्रबुद्धे दोन बस बदलून तिकडे गेले. तिथल्या केंद्राच्या पडवीत बसून बोलणं झालं, तेव्हा कळलं की गोष्ट गोळ्यांची नाहीच. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात, आणि ते दोन दिवस कुठले हे आधी कुणाला माहीत नसतं. परिपत्रक नव्हतं, नियम नव्हता, विचारायला खिडकीत कुणी बसलेलंही नव्हतं.

बायका राजक्कांकडे बघत होत्या.

“यावर काय करायचं ते मला ठाऊक नाही,” राजक्का म्हणाल्या.

एका बाईनं घरी जेवायला नेलं. मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, होते आणि हुरुळीचं, म्हणजे कुळथाचं, सार होतं. सहस्रबुद्ध्यांना नाचणीचा मुद्दा गिळायचा असतो, चावायचा नसतो, हे चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चारच्या बसला दोघं परत निघाले. सहस्रबुद्धे खिडकीला डोकं टेकून झोपले. राजक्का जाग्या होत्या. मंगळवारी पुन्हा जायचं ठरलं होतं.